पदविकेकडून पदवीकडे : आपल्या मुलांना हात देणारे व अडविणारे

(मोहोळ येथे भरलेल्या पालकांच्या सभेत एका वकील बांधवांनी केलेले भाषण)



धम्माविषयी चार शब्द सांगण्याचा अधिकार भन्तेजींचा आहे, तो मी घेऊ इच्छीत नाही. मी कायद्याचा मनुष्य आहे. ज्या प्रश्नासाठी गेली काही वर्षे माणसे माझ्याकडे कागदांच्या पिशव्या घेऊन येत आहेत, त्या एकाच प्रश्नासंबंधी मी आज आपणांशी बोलणार आहे. आपली जी मुले दहावीनंतर तंत्रनिकेतनात जाऊन तीन वर्षांची पदविका घेतात आणि नंतर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश करतात, त्यांचे तेथे काय होते, त्यांस तेथे कोण सांभाळतो आणि कोण अडवितो, हा तो प्रश्न होय.

हा मार्ग आपल्यातील किती कुटुंबे धरतात हे आपणांस माहीत आहेच. अकरावी-बारावी विज्ञान, त्यावर खाजगी शिकवण्या, त्यावर प्रवेशपरीक्षा, हा रस्ता पैशाचा आहे. शेतमजुरी करणाऱ्या किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार असलेल्या बापाला तो परवडत नाही. तंत्रनिकेतनाची फी कमी असते. शिवाय मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होतो न होतो तोच त्याच्या हातात पोट भरण्यापुरती विद्या येते. घरात आजारपण आले तर तो नोकरी धरू शकतो. न आले तर पुढे पदवीला जाऊ शकतो. गरिबाने केलेला हा फार विचारपूर्वक हिशेब आहे. ही मुले बुद्धीने उणी म्हणून या मार्गाने आली, असे जे कित्येक प्राध्यापक मनाशी धरून चालतात, ते साफ चुकीचे आहे.

या मार्गाला कायद्याने दार ठेवलेले आहे. अभियांत्रिकीच्या मंजूर जागांच्या एक दशांश इतक्या जादा जागा आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा, या पदविकाधारकांना दुसऱ्या वर्षी मिळतात. त्यांत अनुसूचित जातींचा व नवबौद्धांचा तेरा टक्के वाटा असतो. दार आहे, आत जाणारी मुलेही आहेत. माझी चिंता दाराची नसून आत गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांची आहे.

पूज्य बाबासाहेबांनी या शिक्षणाला किती महत्त्व दिले होते हे प्रथम सांगतो. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले की, कला व कायदा या शाखांच्या शिक्षणाचा या समाजाला फारसा उपयोग होणार नाही. उपयोग होईल तो विज्ञान व तंत्रशास्त्र यांतील वरच्या दर्जाच्या शिक्षणाचा. हे शिक्षण महाग आहे व सरकारी मदतीवाचून आमची मुले ते घेऊ शकत नाहीत, असे सांगून त्यांनी देशातील विद्यापीठांत विज्ञान-तंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी दरसाल दोन लक्ष रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी दरसाल एक लक्ष रुपये मागितले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचे मूळ या मागणीत आहे. स्वतः बॅरिस्टर असलेल्या पुरुषाने कायद्याच्या शिक्षणाविषयी असे लिहावे, हे माझ्यासारख्या वकिलाने मुकाट्याने ऐकून घेण्यासारखेच आहे!

आता त्या सहा महिन्यांकडे येऊ. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश पुष्कळदा उशिरा होतात. वर्ग सुरू होऊन महिना, दीड महिना लोटलेला असतो आणि आपला मुलगा पाठीमागच्या बाकावर जाऊन बसतो. पहिल्या वर्षापासून एकत्र असलेल्या मुलांचे गट तोवर पक्के झालेले असतात. प्रयोगशाळेत दोघादोघांच्या जोड्या लागलेल्या असतात, वसतिगृहाच्या खोल्या वाटल्या गेलेल्या असतात. मग गणिताचा तास येतो. पदवीची मुले पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर देऊन आलेली असतात. आपल्या मुलाचे गणित पदविकेच्या पहिल्या वर्षातच संपलेले असते आणि मधली दोन वर्षे त्याने यंत्रे, तारा व नकाशे यांच्यात काढलेली असतात. समोर फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म चाललेला असतो. ज्या पायरीवर तो उभा राहतो ती पायरीच याच्या पायाखाली नसते. त्यातून भाषेची अडचण वेगळी. पदविकेची परीक्षा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळून लिहिण्याची मुभा अलीकडे मिळाली, ती चांगलीच गोष्ट झाली. परंतु पदवीच्या वर्गात सारे इंग्रजीत, तेही भरभर.

पहिल्या चाचणीत गुण घसरतात. अमेरिकेतही गरीब व कृष्णवर्णीय घरांतील पुष्कळ मुले अशीच प्रथम दोन वर्षांच्या स्वस्त, घराजवळच्या महाविद्यालयात शिकतात आणि मग मोठ्या विद्यापीठात जातात. तेथे गेल्यावर पहिल्या सत्रात त्यांचे गुण खाली येतात, ही गोष्ट तिकडच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९६० च्या दशकातच नोंदविली आणि तिला स्थलांतराचा धक्का असे नाव दिले. धक्का ओसरतो, परंतु तो ओसरेपर्यंत मुलगा वर्गात टिकला पाहिजे. आपल्याकडे नेमके याच वेळी गावाकडून फोन येतो, “जमत नसेल तर ये परत, कंपनीत लाग.” माझ्या मातांनो, हा फोन करू नका. निदान वर्ष संपेपर्यंत तरी करू नका.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगत नाही, संस्थेचेही सांगत नाही. आपल्याच तालुक्यातील एका शेतमजूर घरची मुलगी विद्युत शाखेची पदविका पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला गेली. गणिताच्या पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी दोन गुण मिळाले. वर्गात “डिप्लोमावाले उभे राहा” असे म्हणून एका अध्यापकाने या मुलांना उभे केले व इतरांपुढे त्यांची गणती केली. यात जात उच्चारलेली नव्हती. परंतु उभ्या राहिलेल्यांत बहुसंख्य मुले कोणत्या वस्त्यांतून आलेली आहेत, हे वर्गात सर्वांना समजत होते.

त्याच महाविद्यालयात गणिताचे दुसरे एक प्राध्यापक होते. ते आपल्या समाजाचे नव्हते. त्यांनी थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या सर्व मुलांची यादी कचेरीतून मागवून घेतली आणि आठवड्यातून तीन दिवस, कॉलेजची घंटा होण्याच्या एक तास आधी, एका रिकाम्या वर्गात पहिल्या वर्षाचे गणित शिकविण्यास आरंभ केला. सगळे दोन वर्षांचे गणित त्यांनी शिकविले नाही. तिसऱ्या सत्राला जेवढे लागते तेवढेच निवडले. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. या मुलांना त्यांनी एकेकट्याने उदाहरणे सोडवू दिली नाहीत. तिघातिघांना एका फळ्याशी उभे करून, मोठ्याने बोलत बोलत उदाहरण सोडवायचे, असा दंडक घातला.

यंत्रशाळेत एक जुने प्रयोगशाळा सहायक होते. मोटारीची जोडणी वर्गातील पुष्कळांना येत नव्हती, आणि ही मुलगी ती डोळे मिटून करीत असे. हे त्यांनी पाहिले व पुढच्या तासाला सर्वांसमोर जोडणी करून दाखविण्यास तिलाच सांगितले. त्या दिवसानंतर तिला प्रयोगाला जोडीदार मिळाला. पदवीच्या मुलांनी पुस्तकात वाचलेले असते ते पदविकेच्या मुलांनी हाताने केलेले असते. शहाणी संस्था या गुणाला वर्गापुढे आणते.

मात्र त्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर कचेरीतील कारकुनाने हरकत घेतली व अर्ज तीन महिने पडून राहिला. माझा संबंध आला तो तेथे. त्याविषयी पुढे सांगेन.

तिघातिघांनी मिळून उदाहरण सोडविण्याची ही युक्ती त्या प्राध्यापकांना सहज सुचली असेल. परंतु ती शास्त्राच्या कसोटीला उतरलेली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात यूरी ट्रीसमन नावाचे एक तरुण संशोधक होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुले मोठ्या प्रमाणावर का नापास होतात, हे त्यांना शोधून काढायचे होते. त्यांनी प्रथम प्राध्यापकांना विचारले. उत्तरे आली ती आपण रोज ऐकतो तीच : या मुलांत जिद्द नाही, यांचा पाया कच्चा आहे, यांच्या घरी शिक्षणाची आवड नाही, यांची गरिबी आड येते. ट्रीसमन यांनी मग वीस कृष्णवर्णीय व वीस चिनी वंशाच्या मुलांच्या बरोबर राहून ती कशी अभ्यास करतात हे प्रत्यक्ष पाहिले. प्राध्यापकांचे एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले जिद्दीची होती, त्यांच्या आईबापांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्लेल्या होत्या, तासन् तास ती अभ्यास करीत होती, पण एकटी. चिनी मुले संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, कोणत्या प्रश्नावर किती वेळ घालवायचा हे एकमेकांना सांगत. एकट्या मुलाला आपली चूक परीक्षेतच कळे.

यावर ट्रीसमन यांनी जे वर्ग सुरू केले त्यांस त्यांनी ‘कच्च्या मुलांचे वर्ग’ असे स्वरूप मुळीच दिले नाही. उलट नेहमीच्यापेक्षा कठीण प्रश्न दिले, मुलांना गटाने बसविले, आणि येथे येणे हा मान आहे असे वातावरण ठेवले. जी मुले नापास होत होती ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊ लागली. पुढे १९८८ मध्ये मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर काउंटीच्या विद्यापीठात फ्रीमन ह्राबोव्स्की यांच्या पुढाकाराने मायरहॉफ शिष्यवृत्तीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातही वर्ग सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यातच मुलांना बोलावून तयारी करून घेणे, गटाने अभ्यास आणि प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत लवकर प्रवेश या गोष्टींवर भर आहे. त्यातून कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांची एक पिढीच बाहेर पडली.

आता आपल्या मुलाकडे पाहा. तो मोहोळहून सोलापूरला रोज जातो. सकाळची गाडी, प्रयोग संपला की धावत स्टँड, संध्याकाळची गाडी. वर्गातील मुले जेव्हा वसतिगृहात एकत्र बसून अभ्यास करीत असतात तेव्हा आपला मुलगा गाडीच्या दांड्याला लोंबकळत असतो. बर्कलीच्या कृष्णवर्णीय मुलासारखा तोही एकटाच अभ्यास करतो, आणि त्याला वाटते की आपल्यालाच येत नाही. ज्या महाविद्यालयाला या मुलांची खरी काळजी असेल त्याने त्यांचा गटाचा अभ्यास दिवसा, वेळापत्रकातच बसविला पाहिजे. संध्याकाळी सहानंतर ठेवलेला जादा तास खेड्यातून येणाऱ्या मुलाच्या उपयोगाचा नसतो, आणि मुलीच्या तर नसतोच.

या जिल्ह्याला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी समजलेली होती. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि तिने जी पहिली ठोस कामे हाती घेतली त्यांत ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात उघडलेले विद्यार्थी वसतिगृह होते. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. सोलापूरच्या नगरपालिकेने त्यास अनुदान दिले. शाळा गावात असली तरी तिच्याजवळ राहण्याची सोय नसेल तर आमच्या मुलाला ती नसल्यासारखीच आहे, हे त्या मंडळींनी ओळखले होते. आज शासकीय वसतिगृहे आहेत. त्यांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्यासाठी थेट बँक खात्यात रक्कम देणारी, बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. तिच्यासाठी अर्ज करा. गाडीभाडे वाचते म्हणून मुलाला चार वाजता उठवू नका.

आता बाबासाहेबांच्याच विद्यार्थिदशेकडे वळतो, कारण एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापकाची एक सही काय देऊ शकते, हे त्यांच्या चरित्राइतके दुसरीकडे कोठे दिसत नाही. शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचे होते, ते घेऊ दिले नाही. फारसीवर समाधान मानावे लागले. तो दरवाजा शिक्षकांनीच लावला. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली, अंगावरचे कपडे दिले. कृष्णराव केळुसकर गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांपर्यंत पोचविले. कोलंबिया विद्यापीठातून १९१६ साली ते लंडनला जाण्यास निघाले, तेव्हा प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिले.

लंडनमध्ये एक वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. येथे काय व्हायला हवे होते? नियमाप्रमाणे नाव कमी झाले असते आणि प्रकरण संपले असते. परंतु प्रा. एडविन कॅनन यांनी शिफारस केली आणि ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली. १९२० साली ते परत गेले. मधल्या काळात त्यांनी सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला होता, शाहू महाराजांनी मदत केली होती, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले होते. १९२१ मध्ये एम्. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी. झाली. हे सारे त्यांच्या तेजाने झाले, यात संशय नाही. परंतु १९१७ ची ती परवानगी कागदावर नसती तर साठविलेला पैसा घेऊन ते कोणत्या दाराशी गेले असते?

आज सोलापूरच्या एखाद्या महाविद्यालयात वडील वारले म्हणून, आई आजारी पडली म्हणून जो मुलगा एक सत्र घरी राहतो, त्याला असा कागद देणारा कोणी आहे काय, हे मी आपणांस विचारतो. मुलगा न सांगता घरी येऊन बसतो, त्याची हजेरी भरत नाही, परीक्षेचा अर्ज घेतला जात नाही, आणि वर्ष जाते. त्याने जाण्यापूर्वी आपल्या विभागप्रमुखाला लेखी अर्ज द्यावा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि परत येण्याची तारीख लिहावी. बहुतेक विभागप्रमुख माणुसकीचे असतात; पण तोंडी सांगितलेली गोष्ट पुढच्या वर्षीच्या विभागप्रमुखाला माहीत नसते.

आता कचेरी. बंधूंनो, प्राध्यापकाविषयी पुष्कळ बोलले जाते, कारकुनाविषयी कोणी बोलत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे निम्मी मुले गणिताने गळतात आणि निम्मी खिडकीवर गळतात. याचा पुरावा खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. २०२१ साली एका दलित विद्यार्थ्याला मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये जागा मिळाली. परंतु जागा स्वीकारण्याचे शुल्क तांत्रिक अडचणीमुळे वेळेत भरले गेले नाही. त्याचे कोणी ऐकले नाही, मुंबई उच्च न्यायालयातही त्याला दाद मिळाली नाही, आणि अखेर २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला. २०२४ साली पुन्हा तेच. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय. आय. टी. मध्ये विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. सतरा हजार पाचशे रुपये मुदतीच्या शेवटच्या क्षणापर्यंत जमले नाहीत, जमले तेव्हा संगणकाची खिडकी बंद झाली. आयोग, दोन उच्च न्यायालये अशी वणवण करून तो मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला.

या निकालांचा मला आनंद आहे, आणि त्याहून अधिक संताप आहे. जे काम एखाद्या अधिकाऱ्याने अर्ज वाचून, वरिष्ठांकडे दोन ओळींची टिपणी पाठवून व्हायला हवे होते, त्यासाठी मजुराच्या मुलाला देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे उभे राहावे लागले. जे न्यायालयापर्यंत पोचले त्यांची नावे इतिहासात गेली. जे खिडकीवरूनच परतले, ते आपल्या चिंचोळीच्या कारखान्यांत कंत्राटावर आहेत.

आता त्या मुलीच्या अर्जावरील हरकत सांगतो. ती आपल्या सर्वांच्या घरची गोष्ट आहे. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढेच लिहिलेले होते. कारकून म्हणाला, बौद्ध हा धर्म झाला, जात कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे आणि ते आपणांस तोंडपाठ पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे केवळ हिंदू धर्मीयांनाच अनुसूचित जातीचे म्हणून गणले जात असे. १९५६ मध्ये शीख धर्मीयांचा त्यात समावेश झाला. धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या लोकांचे केंद्राच्या दृष्टीने ते स्थान गेले, आणि १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत ते परत मिळाले नाही. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती पूर्वीच दिल्या होत्या. १९९० पासून मात्र बौद्ध असणे ही कोणत्याही खिडकीवर अडचण असू शकत नाही. परंतु कायदा पाहतो ती मूळ जात. ज्या जातीतून आपल्या पूर्वजांनी धम्म स्वीकारला ती जात अनुसूचीत आहे, हे कागदाने दाखवावे लागते. जातीचा उल्लेख नको ही आपली भावना मला समजते, माझ्या घरातही ती आहे. तरीही आजोबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा आणि वडिलांचे किंवा चुलत्यांचे जात वैधता प्रमाणपत्र असल्यास ते, एवढे कागद घरात जपून ठेवलेच पाहिजेत. त्या मुलीच्या चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र एका पत्र्याच्या पेटीत सापडले आणि तीन महिने अडलेले काम एका आठवड्यात झाले.

पदविकेच्या वेळी जात पडताळणी झालेली असेल तर तोच कागद पदवीलाही चालतो. पण तो मूळ कागद पुष्कळदा जुन्या तंत्रनिकेतनाच्या कपाटात राहिलेला असतो आणि फी बाकी आहे म्हणून संस्था तो देत नाही. असे मूळ कागद अडकवून ठेवण्याचा संस्थेला अधिकार नाही; विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ते स्पष्ट शब्दांत जाहीर केले आहे आणि तंत्रशिक्षण परिषदेचेही तेच धोरण आहे. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडे प्रवेशाच्या वेळी शिक्षणशुल्क आगाऊ मागू नये, अशा सूचनाही शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत. कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर शुल्कमाफी, असा साधारण नियम आहे. संस्था बदलली की अर्ज नव्याने करावा लागतो. जुन्या संस्थेत मंजूर झालेला अर्ज आपोआप पुढे चालेल या समजुतीत कित्येकांचे पहिले वर्ष गेलेले मी पाहिले आहे. आणि एक गोष्ट थोड्या स्पष्टपणे बोलतो : केंद्राच्या वाट्याची रक्कम हल्ली विद्यार्थ्याच्या खात्यात येते. तीत महाविद्यालयाची फीही असते. ती खात्यात आली की घराच्या पत्र्यांसाठी किंवा लग्नासाठी उचलू नका. मग मुलगा परीक्षेच्या वेळी खिडकीवर अडतो आणि दोष मात्र आपण कारकुनाला देतो.

सगळेच कारकून अडविणारे नसतात हेही सांगितले पाहिजे. काही महाविद्यालयांत शिष्यवृत्तीच्या टेबलावरील माणूस स्वतः मुलांना फोन करून सांगतो की तुझा उत्पन्नाचा दाखला यंदाचा नाही, दोन दिवसांत आण. अशा माणसाला कोणी हार घालीत नाही. प्राचार्यांकडे लेखी पत्र पाठवून त्याचे नाव कळविण्यास काय हरकत आहे? तक्रारीचे अर्ज आपण लिहितो, तसा एखादा हाही लिहावा.

जेथे अडवणूक नुसती दिरंगाई नसून अपमान आहे, तेथे मात्र वेगळे वागावे लागते. उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेदाविरुद्ध समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा, असे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या नियमांनी घातले. ते कागदावरच राहिले, म्हणून २०१९ मध्ये रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांना सर्वोच्च न्यायालयात याचिका घेऊन जावे लागले. दोन मातांनी आपल्या मुलांच्या मृत्यूनंतर हे काम हाती घेतले. आपण ते मुले जिवंत असताना, प्रवेशाच्या दिवशीच करू शकतो. हा कक्ष कोठे आहे, त्याचा अधिकारी कोण, त्याचा फोन कोणता, एवढे विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. विचारणारे पालक आहेत हे कळले तरी पुष्कळ फरक पडतो.

त्याच दिवशी विभागप्रमुखांनाही भेटावे आणि दोन प्रश्न विचारावेत. पदविकेच्या मुलांसाठी पहिल्या वर्षाच्या गणिताचा जादा वर्ग आपण घेता काय, आणि तो दिवसाच्या वेळापत्रकात आहे काय? आईने किंवा वडिलांनी स्वतः जावे. इंग्रजी येत नाही म्हणून दाराबाहेर उभे राहू नये. प्राध्यापकांना मराठी समजते. जादा वर्ग नाही असे उत्तर आले तर थेट दुसऱ्या वर्षाच्या सर्व मुलांच्या सह्यांचा अर्ज द्यावा. केवळ आपल्याच मुलांच्या सह्या घेऊ नयेत. धनगर, माळी, मराठा, मुसलमान अशा सर्व घरांतील पदविकेची मुले त्या मागच्या बाकावर असतात आणि सर्वांचे गणित तेथेच अडलेले असते.

आपल्या तालुक्यातून ज्यांची मुले यंदा पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच ठिकाणी यावे. गेल्या वर्षी पदवीला गेलेली मुलेही येणार आहेत. त्यांतील दोघे पुढील दर रविवारी गणित घेण्यास तयार झाले आहेत, फळ्याची सोय तेवढी आपण करावयाची आहे. कागद मी पाहीन. येताना मुलाचा व वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र असल्यास ते, यंदाचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पुस्तक आणावे. झेरॉक्स नको, मूळ कागद आणावेत. पाहून लगेच परत देईन.